टेम्सची दुर्गंधी

१८५८ सालच्या उन्हाळ्यात लंडनच्या पार्लमेंटात सभासद मंडळी नाकाला रुमाल लावून बसत. खिडक्यांना चुन्याच्या औषधी द्रावणात भिजवलेले पडदे टांगले होते. पण घाण यायची ती येतच होती. खाली टेम्स नदी सडली होती.

ही नदी सडली कशी? लोकांच्या गलिच्छपणामुळे, असं आपण चटकन म्हणू. पण ती सडली स्वच्छतेपायी! पूर्वी लंडनच्या घरांखाली मैल्याचे खड्डे असत, सुमारे दोन लाख. रात्री माणसे येऊन ते उपशीत आणि माल शेतकऱ्यांना खत म्हणून विकीत. ओंगळ व्यवस्था खरी, पण मैला शेतात जाई. पुढे पाण्याचे संडास आले. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात तर आठ लाखांवर लोकांनी एकेक पेनी मोजून त्यांचा अनुभव घेतला. पाणी सोडलं की घाण दृष्टीआड! इकडे खड्डे मात्र पाण्याने भरून वाहू लागले. शेतकऱ्यांनाही तो माल नकोसा झाला, कारण पेरू देशाहून पक्ष्यांच्या विष्ठेचं ग्वानो खत बोटी भरभरून येऊ लागलं होतं.

एडविन चॅडविक हे त्या काळचे मोठे आरोग्यसुधारक. दुर्गंधीतूनच रोग उपजतो, अशी त्यांची ठाम समजूत. तेव्हा घरातली घाण आधी बाहेर काढा! १८४८ पासून खड्डे बंद करून संडास गटारांना जोडण्याचा सपाटा सुरू झाला. गटारे होती पावसाच्या पाण्यासाठी, आणि ती जात थेट टेम्समध्ये. त्याच टेम्सचं पाणी कित्येक लोक पीत होते. १८४८-४९ च्या पटकीत शहरात चौदा हजारांवर माणसे दगावली. सुधारकांचा हेतू वाईट नव्हता हो. पण त्यामुळे मेलेल्यांना काय फरक पडणार?

पटकी पाण्यातून पसरते, हे डॉक्टर जॉन स्नो सांगत होते. १८५४ साली त्यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढला गेला. तरी बहुतेक अधिकाऱ्यांना ते पटलं नाही. १६ जून १८५८ रोजी, ऐन दुर्गंधीच्या दिवसांत, स्नो वारले. वय अवघं पंचेचाळीस.

साथी येऊन गेल्या तेव्हा जे जमलं नाही, ते पार्लमेंटच्या नाकाला झोंबताच जमलं. डिझरायलींनी मांडलेला कायदा अठरा दिवसांत मंजूर झाला. इंजिनियर जोसेफ बॅझलगेट यांनी विटांची ८२ मैल मुख्य गटारे बांधली. हेतू दुर्गंधी घालवण्याचा. पण पिण्याच्या पाण्यापासून मैला दूर गेला आणि पटकी हटली. १८६६ साली ती शेवटची उसळली, तीही मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जिथली नवी गटारे अजून पुरी व्हायची होती. तिथं पाच हजारांवर माणसे मेली.

आणि मैला? तो शहराच्या पूर्वेला, ओहोटीची वेळ साधून, नदीतच सोडला जाई. १८७८ साली तिथल्या जवळच ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही सहलीची बोट बुडाली. सहाशेंवर माणसे गेली, ती नुकत्याच सोडलेल्या मैल्याच्या पाण्यात. मग १८८७ पासून गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकू लागले. ही जहाजे १९९८ पर्यंत चालू होती.