कल्याणच्या ३२ तबकड्या (थ्रेड)

१/ रेडिओ दुर्बीण कोणती लहर ऐकणार, हे तबकडी एकटी ठरवत नाही. ते ठरते तिच्या नाभीवरचे फीड आणि रिसीव्हर यांवर. कल्याणचा इतिहास याचा साक्षीदार आहे.

२/ १९५० च्या दशकारंभी सिडनीतील पॉट्स हिल येथे क्रिस्तियानसेन यांनी सूर्यनिरीक्षणासाठी सहा फुटी ३२ तबकड्या उभारल्या. रिसीव्हर जुळवला होता १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या लहरीला.

३/ तेथे शिकायला गेलेल्या गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी यांनी त्याच तबकड्या ५०० मेगाहर्ट्झसाठी वापरल्या. लहर ६० सेंटिमीटरची झाली. अशा वारंवारतेला तारेची लांबीही परिपथाचा भाग असते. त्यामुळे फीड आणि परिपथ नव्याने जुळवावे लागले.

४/ पुढे हा संच टाकून दिला जाणार होता. स्वरूप यांनी तो भारतासाठी मागून घेतला. दिल्लीत तो अनेक वर्षे पडून राहिला. १९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६५ मध्ये कल्याणला त्याच तबकड्या ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य ऐकू लागल्या.

५/ पुढे स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या खोडदच्या जीएमआरटीत ३० अँटेनांच्या नाभीवर फिरती चौकट आहे. ती फिरवली की फीड बदलते; तबकडी तीच राहते.