चाकांवरचें घर

कल्याणाहून कर्जताकडे जाणाऱ्या वाटेवर, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, बदलापूर व त्याला लागून शिरगाव हीं गांवें आहेत. येथें प्रवासी घोडे बदलीत म्हणून बदलापूर हें नांव पडलें, असें लोक सांगतात. ही व्युत्पत्ति इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, हा मुलूख वाटसरूंचा आहे एवढें तींतून खचित दिसतें. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतां १८३० सालीं बोरघाटाची सडक गाड्यांस खुली झाली; १८५४ सालीं आगगाडी कल्याणास आली, आणि १८५६ सालीं बदलापुरावरून खोपोलीपर्यंत गेली. प्रवास वेगवान झाला. परंतु मन रमेल तेथें थांबावें, आपल्याच चुलीवर दोन घास शिजवावे आणि आपल्याच अंथरुणावर पडावें, ही मुभा आगगाडींत नव्हती. वाटेची ओढ आणि घराची ओढ ह्या दोन्ही मनुष्याच्या ठायीं उपजतच असतात. त्या दोहोंचा मेळ घालण्याच्या खटपटींतून चाकांवरच्या घराचा जन्म झाला.

वस्तुतः ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. यात्रेस निघालेलें कुटुंब छपराच्या बैलगाडींत शिधा, भांडींकुंडीं व अंथरूणपांघरूण भरून निघे. दिवस मावळला कीं विहिरीजवळ बैल सोडावे, तीन दगडांची चूल मांडावी आणि पहांटे पुन्हां गाडी जुंपावी, हा क्रम महिनामहिना चाले. परंतु ह्या प्रवासाचें प्रयोजन देवदर्शन हें असे. गाडींतील वास्तव्याचा आनंद हा त्याचा केवळ आनुषंगिक लाभ.

तो आनंद हेंच प्रयोजन मानून निघालेला एक प्रसिद्ध पुरुष म्हणजे डॉ. गॉर्डन स्टेबल्स. इंग्रजी आरमारांतील हा निवृत्त शस्त्रवैद्य मुलांसाठीं साहसकथा लिहीत असे. त्यानें ब्रिस्टल येथील कारखान्यांतून दोन घोड्यांची एक प्रशस्त गाडी बांधवून घेतली व तिचें नांव ‘वाँडरर’, म्हणजे ‘भटकी’, असें ठेविलें. १८८५ सालीं तो ट्वायफर्ड गांवाहून निघून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. बरोबर सारथी, कुत्रा आणि काकाकुवा. शिवाय एक नोकर तिचाकी सायकलीवर पुढें जाऊन अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनांस सूचना देई. ह्या प्रवासाचें वर्णन त्यानें पुढच्याच वर्षीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें, आणि असल्या गाड्या बाळगण्याचा छंद सुखवस्तु इंग्रजांत पसरूं लागला.

छंद वाढला तशी अडचणही वाढली. गाडी स्वतःची असली तरी जमीन दुसऱ्याची असते. रात्रीं उतरावें कोठें, पाणी कोण देईल, चाक मोडल्यास सुतार कोठें मिळेल, हे प्रश्न एकट्यास सुटण्यासारखे नव्हते. म्हणून १९०७ सालीं जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकारानें लंडनांत ‘कॅराव्हान क्लब’ स्थापन झाला. समानधर्मी गाडीवाल्यांना एकत्र आणणें, त्यांस माहिती पुरविणें आणि उतरण्यास जागा मिळवून देणें, हे त्याचे हेतु होते. स्टेबल्स स्वतः त्याचे एक उपाध्यक्ष झाले. एकट्यानें हिंडण्याच्या हौसेंतून संघटना निर्माण व्हावी, हें वरवर चमत्कारिक वाटतें. पण ज्याला स्वच्छंद फिरावयाचें असतें त्यालाच मुक्कामावरील सोबतीचें मोल अधिक कळतें.

मोटारीच्या आगमनानें घोडे सुटले. १९१९ सालीं एकल्स ह्या इंग्रजी कारखान्यानें मोटारीचीं घरें बांधण्यास आरंभ केला. त्याच सालीं मुंबईस मोटारवाल्यांची ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन’ ही संस्था निघाली. पुढें १९५० सालीं जर्मनींत फोक्सवॅगनची डब्यासारखी मोटार तयार होऊं लागली, आणि १९५१ पासून वेस्टफालिया कारखाना तींत बिछाना व कपाटें बसवूं लागला. धनिकांची चैन मध्यमवर्गीयांच्या आटोक्यांत आली ती येथून.

परंतु ह्या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. स्टेबल्सनें जिचें अनुकरण केलें ती चाकांवरची राहणी जिप्सी लोकांची होती. १९६० सालीं इंग्लंडांत अशा गाड्यांच्या तळांस परवाना आवश्यक ठरविणारा कायदा झाला. मान्यताप्राप्त संघांच्या तळांना त्यांतून सूट मिळाली. जिप्सींचे परंपरागत तळ मात्र बंद पडूं लागले. हौसेनें हिंडणारास सवलत आणि जन्मानें हिंडणारास हुसकावणी, असा तो न्याय होता.

आपल्या घाटांनीं तर हें आधींच पाहिलें होतें. कोकणचें मीठ देशावर आणि देशावरचें धान्य कोकणांत बैलांच्या पाठीवरून नेणारे लमाण हे आपल्याकडील फिरत्या घराचे खरे धनी. फौजांना रसद पोंचविणाऱ्या ह्या तांड्यांचें मोल राज्यकर्ते जाणून होते. सडका व लोहमार्ग झाले आणि त्यांचा धंदा बुडाला. त्यांतच १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पुढें त्याचा अंमल मुंबई इलाख्यांतही झाला. अनेक भटक्या जमातींची हजेरी घेतली जाऊं लागली, आणि सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड वसाहत वसविण्यांत आली. देशभर तो कायदा रद्द झाला १९५२ सालीं. महाराष्ट्रांत बंजारा समाजाची गणना आजही विमुक्त जातींतच होते.

शिरगावच्या शेजारीं याच्या उलट चित्र दिसलें. कल्याणच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन उतरले, आणि १९४९ सालीं त्या तात्पुरत्या मुक्कामाचें उल्हासनगर झालें. घर सोडणें ज्यांना भाग पडलें त्यांना हक्काची जागा मिळाली, म्हणून तेथें शहर उभें राहिलें.

२०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हान पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. अशा गाड्यांस उत्तेजन द्यावें आणि त्यांच्यासाठीं पाणी, वीज व स्वच्छता यांची सोय असलेले तळ व्हावे, असा त्याचा आशय आहे. हें स्वागतार्ह आहे. मुलांना घेऊन निघावें, नदीकांठीं सकाळचा चहा घ्यावा, सह्याद्रीवरचा पाऊस आपल्याच खिडकींतून पाहावा, आणि संध्याकाळीं दुसऱ्या गाडीवाल्याकडून पुढल्या वाटेची खबर घ्यावी, यासारखें निर्मळ सुख विरळा. मात्र नवे तळ आंखतांना, ज्यांच्या तांड्यांनीं ह्या घाटवाटा रुळविल्या, त्यांच्या वंशजांच्या वस्त्यांना पाणी व पक्का रस्ता पोंचला आहे कीं नाहीं, हेंही त्याच नकाशावर पाहिलें पाहिजे. पाहुण्यासाठीं विहीर खणणाऱ्या गांवानें शेजाऱ्यास तहानलेलें ठेवूं नये.