मॉनिटर झोपायला शिकला तेव्हापासून

१९९२ च्या आधी मॉनिटर झोपत नव्हता, म्हणून ‘उठत नाही’ अशी तक्रारही दुकानात येत नव्हती. चालू नाहीतर बंद. बटण दाबलं की आतल्या डीगॉसच्या वेटोळ्यातून ‘धंग’ असा आवाज यायचा, काच हातावरची लव ओढून घ्यायची आणि हीटर तापला की हळूहळू चित्र उमटायचं. नाही उमटलं तर मॉनिटर बिघडला, इतका सरळ हिशेब. मी या धंद्यात टीव्हीच्या दुरुस्तीतून आलो. पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीला लागून असलेल्या एका बोळात पोटमाळ्यावर आमचं टेबल होतं. अण्णा, म्हणजे आमचे उस्ताद, टीव्ही आणि मॉनिटर यांत फार फरक मानत नसत. “ट्यूनर काढला की टीव्हीचा मॉनिटर होतो रे,” एवढंच त्यांचं शिक्षण. ते माझ्या उमेदवारीच्या काळात जवळजवळ खरं होतं. पुढे मॉनिटरला झोप शिकवली गेली आणि अण्णांचं वाक्य खोटं पडलं.

शिकवणारे होते अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतले अधिकारी. कचेऱ्यांतले संगणक रात्री आणि शनिवार-रविवारीही चालूच राहतात, समोर कोणी नसताना वीज खातात, ही त्यांची तक्रार. त्यातून १९९२ साली ‘एनर्जी स्टार’ ही योजना निघाली आणि तिच्यात सगळ्यात आधी घेतले ते संगणक आणि मॉनिटर. अट अशी, की काम नसताना मॉनिटरने ३० वॉटच्या आत यायचं. त्या वेळचा चौदा-पंधरा इंची रंगीत मॉनिटर चालू असताना याच्या दुपटीहून जास्त घ्यायचा. योजना ऐच्छिक होती, आणि ऐच्छिक गोष्टीला बाजारात किती किंमत असते ते आपण जाणतोच. पण एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला, की केंद्र सरकारची खाती यापुढे एनर्जी स्टारवालेच संगणक घेतील. सरकारएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं कुठलं? कारखाने लगेच वळले. तिकडे स्वीडनमध्ये कचेरीत काम करणाऱ्यांच्या कामगार संघटनेने ‘टीसीओ ९२’ नावाचं प्रमाणपत्र काढलं होतं. त्यातही पडद्याच्या किरणांबरोबर वीज आपोआप कमी होण्याची अट होती. आपल्याकडे हे सगळं न मागताच आलं. वॉशिंग्टन आणि स्टॉकहोमसाठी बनवलेला मॉनिटर पुण्यात येताना वेगळा थोडाच बनणार होता! संगणक सुरू करताना काळ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तो तारा झळकायचा, आणि तो कशाचा हे मला एकाही गिऱ्हाइकाने विचारल्याचं आठवत नाही.

त्याआधी पडद्याची काळजी घेतली जायची ती विजेसाठी नाही, काचेच्या आतल्या लेपासाठी. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की फॉस्फर तिथे जळतो आणि मॉनिटर बंद असतानाही जुनी अक्षरं दिसतात. त्यावर उपाय म्हणून जॉन सोचा यांनी डिसेंबर १९८३ च्या ‘सॉफ्टॉक’ मासिकाच्या आयबीएम पीसी आवृत्तीत एक छोटा प्रोग्रॅम छापला. तीन मिनिटं कळफलकाला हात लागला नाही की पडदा काळा. एवढंच आणि बरोबर एवढंच. पुढे १९८९ मध्ये ‘आफ्टर डार्क’ आलं, त्यात पंख लावलेले टोस्टर उडायला लागले, आणि पडदा वाचवण्याच्या साधनाची करमणूक झाली. आमच्याकडे ‘मार्की’ फार चालायचा. दुकानदार त्यात रोमन अक्षरांत ‘श्री स्वामी समर्थ’ नाहीतर दुकानाचं नाव टाकायचे आणि ते दिवसभर सरकत राहायचं. मॉनिटर पूर्ण वीज खातोय, तरी मालक खूश, की आपण पडद्याची काळजी घेतो. मला त्या सरकत्या नावांचा तेव्हा राग यायचा. आता वाटतं, ती मंडळी शहाणी होती. त्यांचे मॉनिटर झोपत नसत, म्हणून सकाळी उठायचा प्रश्नही येत नसे.

झोपवायचं कसं, हे १९९३ मध्ये ‘व्हेसा’ या मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्डवाल्यांच्या संघटनेने ठरवलं. त्यासाठी नवी तार घातली नाही, हे त्यातलं कौतुक. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी तेरावीवर आडवा सिंक, म्हणजे चित्र जुळवून घेण्याचा इशारा, जातो, चौदावीवर उभा. दोन्ही येत असले तर मॉनिटर जागा. आडवा थांबला, उभा चालू, तर स्टँडबाय. उभा थांबला, आडवा चालू, तर सस्पेंड. दोन्ही थांबले, की जवळजवळ सगळं बंद. फक्त एक छोटा कंट्रोलर जागा राहून सिंक परत येतोय का ते बघत बसतो. पुढच्या पट्टीवरचा दिवा हिरव्याचा नारिंगी होतो.

माझ्या लेखी मॉनिटर दुरुस्तीचा इतिहास इथे दुभंगतो. तोवर बिघाड वस्तूत असायचा. आता तो दोन वस्तूंच्या बोलण्यातही असू शकत होता, आणि गिऱ्हाईक मात्र उचलून आणायचं ते फक्त मॉनिटर.

उदाहरण अगदी जवळून सांगतो. अप्पा बळवंत चौकातल्या आणि सदाशिव पेठेतल्या डीटीपीवाल्यांचे सतरा इंची मॉनिटर आमच्याकडे यायचे. गणपती उठले की दिवाळी अंकांची घाई, आणि त्याच दिवसांत रिक्षातून, मांडीवर चादरीत गुंडाळून मॉनिटर आणायचे. “दिवा नारिंगी आहे, पण उठतच नाही हो.” अण्णा मॉनिटरला हात लावायच्या आधी केबलचं टोक उजेडात धरायचे. तीन ओळी, पाच-पाच पिना. नववी पिन नसली तर काळजी नाही, कित्येक केबलींत ती मुळातच घालत नाहीत. गिऱ्हाइकाला मात्र तीच तुटलेली वाटते. खरी बघायची ती शेवटची ओळ. घाईत तिरका खुपसलेला प्लग, त्यात तेरावी पिन आडवी झोपलेली. म्हणजे आडवा सिंक नाही, उभा आहे. मॉनिटरच्या हिशेबाने हा ‘स्टँडबायला जा’ असा स्पष्ट हुकूम. तो बिचारा हुकूम पाळत होता. रिकाम्या बॉलपेनच्या नळीत पिन अडकवून सरळ केली की काम झालं. याचे पैसे किती घ्यायचे, यावर अण्णांचा आणि माझा कायम वाद व्हायचा. ते म्हणायचे, “पिनेचे नाही घेत मी. तेरावी कुठली ते माहीत असण्याचे घेतो.”

विंडोज ९५ ने यात आणखी एक गंमत घातली. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘मॉनिटर एनर्जी स्टारचा आहे’ अशी एक चौकट होती. तिच्यात खूण केली की झोपवायचे पर्याय उघडायचे. आपला मॉनिटर त्यातला आहे की नाही याची फिकीर न करता लोक खूण करत. जुना मॉनिटर सिंक बंद झाल्यावर झोपत नसे, नुसता बारीक शीळ घालत बसे. १९९४ पासून आलेल्या ईडीआयडीने पुढे ही पाळी टळली. मॉनिटर स्वतःची १२८ बाइटची माहिती पोटात बाळगतो. बनवणारा कोण, कुठल्या वर्षी बनवला आणि कुठकुठली झोप आपल्याला येते, हे सगळं त्यात असतं. जन्मदाखलाच म्हणा. पण दाखला वाचणारा शुद्धीवर असला तरच त्याचा उपयोग.

काचेच्या मॉनिटरमध्ये खरा बिघाड असलाच, तर तो बहुधा पॉवर सप्लायमधल्या एका छोट्या कॅपॅसिटरचा. ३८४२ नंबरची आयसी त्या काळी निम्म्याअधिक बोर्डांवर भेटायची. तिला चालू व्हायला १६ व्होल्ट लागतात, आणि चालू झाल्यावर १० च्या खाली गेलं की ती बंद पडते. सुरुवातीचा तो क्षण निभावून नेतो एक करंगळीच्या टोकाएवढा कॅपॅसिटर. शेजारी तापणारा हीटसिंक, त्याने तो वर्षानुवर्षे वाळत जातो. वाळलेला कॅपॅसिटर १६ पर्यंत चढतो, पण भार पडताच घसरून १० च्या खाली. पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो. कान लावला तर टिक्‌… टिक्‌… टिक्‌… ऐकू यायचं आणि दिवा त्या तालावर लुकलुकायचा. असा मॉनिटर एकदा चालू असला तर महिनोन्‌महिने चालतो. झोपवला किंवा बंद केला की संपलं. भारनियमनाच्या वर्षांत, २००५ च्या पुढेमागे, असे मॉनिटर ढिगाने आले, कारण लाइट रोज जायची आणि रोज थंड मॉनिटर नव्याने उठवावा लागायचा. शोधायची युक्ती सोपी: केस वाळवायच्या ड्रायरने त्या एका कॅपॅसिटरवर गरम हवा सोडायची. मॉनिटर उठला तर तोच. नवा टाकायचा, १०५ डिग्रीचाच. ८५ चा स्वस्त पडतो, आणि वर्षभरात तेच गिऱ्हाईक, तीच चादर.

दरम्यान संगणकाची स्वतःची झोपही बदलली. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने काढलेल्या एपीएममध्ये झोपवण्याचं काम बायोसकडे होतं. डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय आलं आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला. त्यातली ‘एस-३’ नावाची झोप म्हणजे रॅमला वीज चालू, बाकी सगळं बंद. इथे ग्राफिक्स कार्डाची फसगत होते. संगणक एरवी सुरू होतो तेव्हा बायोस आधी कार्डावरच्या रॉममधला प्रोग्रॅम चालवून कार्डाला कामाला लावतो. एस-३ मधून उठताना हे करण्याचं बंधन बायोसवर नव्हतं. ड्रायव्हरला कार्ड शून्यातून उभं करता आलं तर ठीक, नाहीतर पंखा फिरतोय, हार्ड डिस्क वाजतेय, गाणं चालू होतं तिथून पुढे वाजतंय, आणि पडदा काळा. लिनक्सवाल्यांना याचा त्रास सगळ्यात जास्त झाला, कारण कार्ड बनवणारे आतली माहितीच देत नसत. लिनक्सच्या कर्नेलबरोबर येणाऱ्या कागदपत्रांत पावेल माखेक यांनी २००३ ते २००६ या काळातली एक यादी ठेवली आहे: कुठल्या मॉडेलच्या लॅपटॉपचा पडदा कुठली युक्ती केली की उठतो. सरळ उठणारे, रॉम पुन्हा चालवल्यावर उठणारे, टेक्स्ट मोडमध्ये असतानाच उठणारे. मला ती यादी वाचायला फार आवडते. दुकानाच्या भिंतीवर आम्ही खडूने लिहायचो तसलीच ती, फक्त जगभरच्या लोकांनी मिळून भरलेली. २००९ मध्ये इंटेलच्या ग्राफिक्सपासून पडद्याचा मोड लावण्याचं काम कर्नेलनेच घ्यायला सुरुवात केली आणि अशा युक्त्या हळूहळू निकालात निघाल्या.

सपाट पडदे आले तेव्हा वाटलं, आता पंचवीस हजार व्होल्ट गेले, अंगावर काटा आणणारी ती लाल वायर गेली, आता सुख. आले फुगलेले कॅपॅसिटर. नव्या शतकाच्या सुरुवातीला तैवानमधल्या काही कारखान्यांच्या कॅपॅसिटरांत इलेक्ट्रोलाइटच कच्चं होतं; आत वायू तयार होऊन डोकं फुगायचं आणि फुटायचं. चोरलेल्या अर्धवट सूत्राची कथा त्या वेळी उद्योगाच्या मासिकांतून छापून आली होती. मदरबोर्ड त्याने मेले तसेच मॉनिटरही. लक्षण ठरलेलं: झोपेतून उठवला की दोन सेकंद चित्र, मग अंधार. अशा वेळी खोलीचा लाइट घालवून पडद्यावर तिरकी बॅटरी मारायची. विंडोजचे आयकॉन पुसट दिसले, तर पॅनेल जागं आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे. गिऱ्हाइकाला हे दाखवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा, आणि दुरुस्तीच्या दराबद्दल तो पुढे बोलत नसे. काही रुपयांचे दोन कॅपॅसिटर बदलून आम्ही त्या वर्षांत बऱ्यापैकी कमावलं, हे लपवून काय करायचं?

आता कॅपॅसिटर सुधारले, आणि आमचं काम पुन्हा वायरीवर आलं. डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट या सगळ्यांत ‘हॉट प्लग’ची एक पिन असते, मॉनिटर जोडलेला आहे हे संगणक तिच्यावरून ओळखतो. काही मॉनिटर गाढ झोपताना तीच पिन सोडून देतात. संगणकाला वाटतं, मॉनिटर काढून नेला. उघड्या खिडक्या दुसऱ्या पडद्यावर ढकलल्या जातात, आणि मॉनिटर उठला तरी बोलणं पुन्हा जुळेलच असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत कंपन्यांचे मॉनिटर आणि डॉक हिंजवडीतून कोथरूड-कर्वेनगरच्या बेडरूममध्ये आले आणि ही तक्रार फोनवरून यायला लागली. “काका, सकाळी मीटिंग आहे आणि स्क्रीन काळीच.” फोनवर सांगण्यासारखं एक होतं: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. बीप झाला, पडदा चमकला, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने लागला. नाही झालं, तर मॉनिटरच्या सेटिंगमध्ये ‘डीप स्लीप’ शोधून बंद करा. पर्यावरणवाल्यांची क्षमा मागून मी हे सांगतो. दोनचार वॉटसाठी माणसाची सकाळ घालवू नये.

आणि एक केबल. डिस्प्लेपोर्टची विसावी पिन ३.३ व्होल्टची, बाहेरच्या अडॉप्टरला वीज द्यायला ठेवलेली. साध्या केबलमध्ये ती दोन्ही टोकांना जोडायची नाही, असं व्हेसाचंच म्हणणं आहे. स्वस्त केबली बनवणारे ती खुशाल जोडतात. मग संगणक बंद असला तरी मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते, आणि बंद न झालेलं कार्ड नीट सुरू होत नाही. यंत्र चांगलं, मॉनिटर चांगला, ड्रायव्हर नवा, तरी पडदा काळा. अशा वेळी दोन्हींचे प्लग भिंतीतून काढून थोडा वेळ ठेवले की उठतं, आणि लोक म्हणतात, आपोआप बरं झालं. केबल घ्याल तेव्हा दुकानदाराला विसाव्या पिनेची कंटिन्युइटी बघायला सांगा. मल्टीमीटर तपकीर गल्लीत प्रत्येकाच्या गल्ल्यावर असतो. बीप वाजला तर ती केबल परत द्या.