हातमोज्यातून गेलेला थेंब

प्रयोगशाळेतील सुरक्षिततेचे नियम आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. पण ते लिहून का ठेवायचे? आणि एकदा लिहिले की काम संपते का? अमेरिकेतील एका नियमाच्या इतिहासात याचे उत्तर सापडते.

कामगारांच्या रक्षणासाठी तेथे असलेले नियम मुख्यतः कारखान्यांचा विचार करून केलेले होते. कारखान्यात मोजकीच रसायने मोठ्या प्रमाणावर, वर्षानुवर्षे हाताळली जातात. प्रयोगशाळेत मात्र रसायने अनेक, प्रमाण थोडे आणि काम सतत बदलणारे. प्रत्येक रसायनासाठी सरकार स्वतंत्र नियम कसा करणार? म्हणून १९९० साली वेगळा मार्ग काढण्यात आला. प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेने आपली सुरक्षा-योजना स्वतःच लिहायची, असे ठरले. कोणते काम कसे करावे, हातमोजे व चष्मा केव्हा वापरावा, कोणत्या प्रयोगाला आधी परवानगी लागेल, जबाबदार व्यक्ती कोण, हे सारे तीत हवे. शिवाय वर्षातून निदान एकदा ती तपासून सुधारायची. ही शेवटची अट का महत्त्वाची, ते लवकरच दिसून आले.

डार्टमथ कॉलेजातील प्राध्यापिका कॅरेन वेटरहान या जड धातूंच्या विषारीपणाच्या अभ्यासक. १४ ऑगस्ट १९९६ रोजी त्या डायमिथाइल मर्क्युरी हाताळत होत्या. वायू खेचून घेणाऱ्या कपाटात काम चालले होते, हातात लॅटेक्सचे मोजे होते. एखाददुसरा थेंब मोज्यावर पडला. काही महिन्यांनी त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले. रक्तात पारा सापडला, तो लिटरला सुमारे ४,००० मायक्रोग्रॅम. २०० हीच धोक्याची पातळी मानली जाते. ८ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आजाराचे निदान झाल्यावर मोज्यांची चाचणी घेण्यात आली. हे रसायन लॅटेक्समधून अवघ्या १५ सेकंदांत आरपार जाते, असे आढळले! वेटरहान यांनी निष्काळजीपणा केला नव्हता; ज्या माहितीवर त्या विसंबल्या, तीच अपुरी होती. सहकाऱ्यांनी हे सारे जाहीर केले. १९९८ साली सरकारी सूचना निघाली: आत अनेक पदरी प्लास्टिकचा मोजा, वर दुसरा जाड मोजा, आणि शक्य तेथे हे रसायन टाळावेच.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत एवढे जहाल विष नसते. पण आम्ले, अल्कली, स्पिरिट असतेच. भिंतीवरच्या नियमांच्या तक्त्यावर ते शेवटचे कधी तपासले त्याची तारीख आहे का? विद्यार्थ्यांनाच सोबत घेऊन तो तक्ता दर जूनमध्ये नव्याने वाचावा. प्रत्येक नियमापुढे ‘हे कशावरून?’ असे विचारावे. विज्ञानाचा तो पहिलाच धडा ठरेल.