रक्तातील चरबी आणि गालातील डाग

हुडकेश्वरच्या बाजूस जी घरे उठत आहेत, तेथील बांधकाम मजुरांत आमचे काम आहे. काही वर्षांपूर्वी तेथे एक आरोग्य शिबिर झाले. ते कोणी भरविले, याच्याशी आपणांस कर्तव्य नाही. रक्त तपासले गेले, कागद हाती दिले गेले. चाळिशी ओलांडलेला एक सेंट्रिंगवाला आपला कागद नाचवीत आमच्याकडे आला. "भाऊ, कोलेस्टेरॉल एकदम कमी निघालं. आता काही भेव नाही!" गालात खर्रा होता, आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते. शिबिरात त्याला कोणी 'तोंड उघड' म्हटले नव्हते.

श्रोतेहो, आम्ही काही वैद्य नव्हे. शाळाही थोडीच पाहिलेली. पण त्या कागदाने आम्हांस वाचावयास लावले. चरबी वाढली की हृदयाला धोका, हे आता घरोघर पाठ झाले आहे. तेव्हा कमी निघाली की सर्व क्षेम, असा अर्थ माणूस काढणारच.

तोंडाच्या कर्करोगाचा शोध आपल्याच मुलखात फार पूर्वी सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली या रोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९५५ साली सांघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकड्यांनी मांडला. मधल्या काळात, १९५३ साली, डॉ. जोशी यांनी तोंड आखडत जाणाऱ्या रोगाचे वर्णन केले होते. सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठ होते, तोच आमच्या सेंट्रिंगवाल्याचा रोग. तंबाखूवाचून नुसती सुपारीही कर्करोग घडविते, हा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय २००४ साली छापून आला. खर्ऱ्यात तर दोघी एकत्रच घोटलेल्या!

रक्तातील चरबीचा धागा मात्र परदेशातून आला, आणि तोही हृदयरोगाच्या पाहणीतून. १९७४ साली इंग्लंडच्या जेफ्री रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ज्यांना पुढे मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, त्यांचे कोलेस्टेरॉल आधीच अपेक्षेपेक्षा कमी होते. अपेक्षा नेमकी उलट होती. तेथून वाद पेटला. कमी चरबीने कर्करोग होतो, की लपलेला कर्करोगच चरबी खातो? पुष्कळांचा कल दुसऱ्या बाजूस झुकला. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना आपले पडदे बांधावयास कोलेस्टेरॉल लागते. त्या ते रक्तातून ओढून घेतात, असे स्पष्टीकरण दिले जाते.

हाच प्रश्न तोंडापर्यंत आला तो आपल्या देशात. अहमदाबादच्या संशोधकांनी २००४ साली डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांत, आणि कर्करोगाआधीच्या विकारांतही, कोलेस्टेरॉल निरोगी माणसांहून कमी असल्याचे सांगितले. आपल्या शेजारी, वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालयातून २०१० साली आलेला निबंधही तेच सांगतो. ज्या मुलखात खर्रा पानठेल्या-पानठेल्यावर घोटला जातो, तेथेच हे काम व्हावे, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

तरीही एक शंका आम्हां मजुरांच्या माणसाला सोडीत नाही. ज्याला तिखट सोसत नाही, भाकरीचा घास तोंडात जात नाही, त्याची चरबी उतरणारच. आणि उपाशी माणसाचीही ती कमीच असते. म्हणून हा आकडा संशोधकाला वाट दाखवील. पण आज एकट्या कागदावरून ना कोणाला रोगी म्हणता येईल, ना कोणाला निर्धास्त करता येईल.

वास्तविक तोंड हे उघड्या डोळ्यांनी दिसणारे ठिकाण. केरळात तिरुवनंतपुरम येथे शिकविलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी लोकांची तोंडे पाहिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. लागते ते बॅटरी, थोडे शिक्षण आणि फिरणारे पाय. पुढच्या तपासणीला मात्र रोजी बुडते, आणि मजूर अडतो तो तेथेच. यावर कोणत्याही प्रयोगशाळेत औषध नाही.

त्या दिवसाची मजुरी आम्ही संघटनेच्या वर्गणीतून भरली, तेव्हा कोठे आमचा सेंट्रिंगवाला दवाखान्यात गेला. गालातील पांढऱ्या डागाचा तुकडा तपासला; कर्करोग अजून नव्हता. खर्रा त्याने दोनदा सोडला आहे. तोंड अद्याप दोनच बोटे उघडते.