काच पुसणाऱ्यांचं कुळ

पावसाळ्यात बदलापूर स्टेशनबाहेरून चामटोलीकडे निघालेल्या एखाद्या जुन्या रिक्षात पुढे डोकावून पाहा. काचेच्या आतल्या बाजूला, चालकाच्या हाताशी, एक छोटा दांडा दिसेल. सर आली की चालक हँडलवरचा एक हात सोडतो आणि दांडा दोन-तीनदा इकडून तिकडे फिरवतो. काचेवर पंख्याएवढी जागा उघडते आणि बघता बघता पुन्हा मिटते. मागे बसलेल्याला वाटतं, रिक्षा आहे, चालायचंच. पण हा दांडा वायपरच्या घराण्यातला मूळ पुरुष आहे. खरं तर मूळ स्त्री म्हणायला हवं, कारण त्याचं पेटंट एका बाईच्या नावावर आहे.

पाऊस म्हणजे काय ते चामटोलीला सांगायला नको. २७ जुलै २०१९ च्या पहाटे उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळच पाण्यात अडकली. गाडीतल्या हजाराच्या आसपास माणसांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. असा पूर काही वर्षांनी एखादा येतो. कर्जत रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याचं रोजचं दुखणं त्याहून फार लहान असतं. वायपर फिरतोय, पाणी बाजूला जातंय, तरी काच फरफटल्यासारखी दिसते आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा तिच्यावर पसरून डोळ्यांत जातो. वायपरचं कुळ शोधत गेलं की या फरफटीचंही मूळ सापडतं.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन १९०२-०३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्रामने जाताना त्यांनी पाहिलं, की बाहेर बर्फाळ पाऊस पडतोय आणि चालकाने दिसावं म्हणून समोरची काच उघडूनच ठेवली आहे. थंडी आत, पाऊस आत, सगळे कुडकुडताहेत. काच आहे ती वाऱ्यापावसासाठी, आणि नेमक्या पावसातच ती उघडायची. हा उफराटा प्रकार रोजच्या उतारूंच्या अंगवळणी पडला होता, पाहुणीच्या डोळ्यांत भरला. घरी गेल्यावर अँडरसनबाईंनी एक साधन आखलं. बाहेर रबर लावलेला एक हात, आत तो फिरवायचा दांडा, आणि रबर काचेला चिकटून राहावं म्हणून दाबाची सोय. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक ७,४३,८०१. १९०५ मध्ये त्यांनी ते कॅनडातल्या एका कंपनीला विकायचा प्रयत्न केला. यात धंद्याच्या दृष्टीने फारसं मोल नाही, असं उत्तर आलं. ते पूर्ण चूक नव्हतं. मोटारी मोजक्या होत्या आणि वेगही बेताचा. पेटंटची मुदत सरली तेव्हा कुठे मोटारी घरोघरी जायला लागल्या होत्या. १९२२ मध्ये कॅडिलॅकने आपल्या गाड्यांना वायपर कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. अँडरसनबाईंना त्यातून एक पैसा मिळाला नाही.

कुळाची दुसरी शाखा बफेलो शहरातली. जॉन ओइशाय या नाट्यगृह चालवणाऱ्या गृहस्थांच्या मोटारीखाली पावसाळी रात्री एक सायकलवाला आला. जीव वाचला, पण काचेतून काही दिसलंच नव्हतं, हे ओइशाय विसरले नाहीत. त्या काळची काच दोन तुकड्यांची असे, वर एक आणि खाली एक. मधल्या फटीतून हाताने सरकवायची रबराची पट्टी त्यांच्याच गावात कुणी करत होतं. ओइशाय यांनी ती विकायला घेतली आणि त्यातून पुढे ट्रायको ही वायपरची मोठी कंपनी उभी राहिली.

हाताची सुटका व्हायला मात्र वेळ लागला. शार्लट ब्रिजवुड यांनी १९१७ मध्ये विजेवर फिरून काच पुसणाऱ्या रुळांचं पेटंट घेतलं, ते चाललं नाही. बरीच वर्षं चालला तो इंजिनाच्या ओढीवर फिरणारा वायपर. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीनेच वायपर हलवायचा. यात गोम अशी, की चढावर पाय दाबून धरला की ओढ कमी होते आणि वायपर सुस्तावतो. म्हणजे भर पावसात घाट चढताना, जेव्हा तो सर्वांत जास्त हवा, तेव्हाच तो दगा देणार. पुढे विजेच्या मोटरने हे दुखणं संपवलं. रिमझिमीत थांबून थांबून फिरणारा वायपर १९६० च्या दशकात रॉबर्ट कर्न्स यांनी बनवला आणि त्या हक्कासाठी त्यांनी फोर्ड आणि क्रायस्लरला कोर्टात खेचलं. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०१ व्या नियमाने पुढे काच असलेल्या गाडीला यंत्रावर चालणारा वायपर बंधनकारक झाला, पण लहान इंजिनाच्या तीनचाकींना त्यातून सूट राहिली. अँडरसनबाईंचा दांडा रिक्षात टिकला तो असा.

या कुळात एक शाखा अस्सल आपल्या रस्त्यांवरची आहे, आणि ती यंत्र नाही, माणूस आहे. ट्रकवरचा क्लीनर. कुणी त्याचा किलिंडर करतं, कुणी किन्नर. मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणं, टायर ठोकून बघणं, चहा आणणं ही कामं त्याच्या गळ्यात नंतर पडली असतील, पण नाव सांगतं की मूळ काम पुसण्याचं. वायपर बंद पडला की गाडी कडेला घ्यायची, क्लीनरने बंपरवर चढायचं आणि तंबाखूची पुडी काढायची. ओली तंबाखू काचेवर रगडायची, मग पाण्याचा हात मारायचा. तंबाखू नसेल तर बटाटा मधोमध कापून तोच घासायचा. ड्रायव्हर लोक सांगतात, मग वायपर नसला तरी पुढचं दिसतं. ही युक्ती फक्त आपली नाही. अमेरिकेतले जुने चालकही तंबाखूची कापडी पिशवी काचेवर फिरवत.

यात जादू नाही. स्वच्छ काचेला पाणी आवडतं. तिच्यावर पडलेला थेंब पसरतो, त्याचा एकसंध पातळ पडदा होतो आणि त्यातून आरपार दिसतं. तेलकट काचेला पाणी नको असतं. तिथे थेंब गोळा होऊन बसतो आणि प्रत्येक थेंब भिंगासारखा उजेड मोडतो. तंबाखूचा रस किंवा बटाट्याचा स्टार्च काचेवर पाण्याला धरणारा पातळ लेप ठेवतो आणि थेंब बसण्याऐवजी पसरतात. १९७२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या रेन-एक्सची तऱ्हा नेमकी उलटी. ते काचेला इतकं निसरडं करतं की थेंब टिकतच नाही, वाऱ्याबरोबर वर पळतो. दोन्ही वाटा चालतात. मधल्या अवस्थेतली काच, जी ना पाणी धरते ना सोडते, तीच घात करते.

फरफटीचं मूळ इथे आहे, पाण्यात नाही. ऑक्टोबर ते मे काचेवर काय बसतं ते पाहा. पुढच्या गाडीचा डिझेलचा धूर, रस्त्यावरून उडालेलं तेल, टायरचा चुरा, अंबरनाथ-बदलापूरच्या कारखानदारी पट्ट्यातली धूळ. त्यातच गाडी पुसायला डिझेलचं फडकं वापरायची सवय असेल तर सोन्याहून पिवळं, तेलावर तेल चढतं. वायपरचं रबर तोवर आठ महिने उन्हात त्याच जागी पडून भाजतं. त्याची धार ताठरते. पट्टी एका बाजूने जाताना एका अंगावर कलते आणि परतताना दुसऱ्या अंगावर कलायला हवी. ताठरलेलं रबर कलतच नाही, जाताना पुसतं आणि येताना थरथरत सारवतं. म्हणून जूनचा पहिला पाऊस सर्वांत वाईट. जुलैत तीच काच बरी वाटते, कारण तोवर पावसानेच तिला थोडंफार धुतलेलं असतं.

आतली बाजू हा वेगळाच मामला. बाहेर पाऊस, आत चार माणसांचे श्वास, की काच आतून धुरकटते. तिथे वायपरचा हात पोचत नाही. वर्तमानपत्राचा बोळा ही आपल्याकडची जुनी तोड आजही चालते, कारण कागद धागे सोडत नाही.

तंबाखूबद्दल निकाल असा, की ती अडचणीतला उपाय आहे, नेम नाही. थोड्या पावसाने लेप धुऊन जातो आणि पुन्हा उतरावं लागतं. मृगाच्या आधी एका सकाळी भांडी घासायच्या साबणाने काच बाहेरून आणि आतून धुवा, मग तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. पाणी एकसंध पसरलं तर काच तयार. थेंब थेंब होऊन थांबलं तर पुन्हा धुवा. नंतर ओल्या फडक्याने वायपरच्या रबराची धार पुसा. फडकं काळं झालं तर पुसत राहा, आणि धारेला बोट लावल्यावर चीर जाणवली तर रबर बदला. रिक्षावाल्यांनीही हे करावं. दांडा हाताने फिरवायचा असला, तरी पुसायचं काम रबरालाच करायचं असतं.