बावीस मुलांची पंगत

दर दिवाळीत भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी मी आमच्या आळीतल्या मुलांना फराळाला बोलावतो. वेळ दहाची. न्याहारी म्हणावी तर उशिराची, जेवण म्हणावे तर लवकरचे. तेवढ्यात आयांना घर आवरता येते आणि मुलांची पोटे दुपारी दोनपर्यंत गप्प राहतात. गेल्या वर्षी बावीस मुले होती. शेजारच्या वहिनींनी दारातूनच विचारले, "भाऊजी, एवढ्या मुलांचे परवडते कसे हो तुम्हांला?"

परवडते, कारण मी चकलीच्या भानगडीत पडत नाही. किलोभर चुरमुरे, अर्धा किलो शेंगदाणे, लसणाचे दोन गड्डे, कढीपत्ता, हळद आणि मुलांच्या जिभेला सोसेल एवढेच तिखट, की सांगलीकडचे भडंग तयार होते. लसूण मात्र सालीसकट ठेचून तेलात चांगला कुरकुरीत होऊ द्यावा. घाई केली की दुसऱ्या दिवशी भडंग सादळते. जोडीला शेंगदाण्याचे गुळातले लाडू. त्यांना तूप लागत नाही आणि ते लहान मुलांच्या हातून सहसा फुटत नाहीत. भाजणीची थालीपिठे तव्यावरून थेट पानात. मोठी मुले लहानांना वाढतात, पाणी देतात, शेवटी केर काढतात. या बेताचे कौतुक झाले की मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण त्यातले निम्मे माझे नाही. ते धनिणीच्या बागेतले आहे.

साताऱ्यातली धनिणीची बाग बाहेरगावच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. भाऊराव पाटलांचे वसतिगृह तिथे होते. भाऊराव मूळचे वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. जन्म 1887 चा, आजोळी कुंभोजला. ऐतवडे आज सांगली जिल्ह्यात आहे, पण त्या काळी तो सगळा मुलूख साताऱ्याचाच होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या गोष्टीत सातारा कुठे संपतो आणि सांगली कुठे सुरू होते, हे मी फारसे पाहत बसत नाही.

भाऊरावांच्या आयुष्याला वळण लागले तेही एका पंगतीवरून. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहत. 1908 च्या सुमारास अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले, त्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की, आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात पाऊल टाकायचे नाही. त्यांनी ते ऐकले नाही आणि वसतिगृह सोडावे लागले. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याला नांगर दाखवावा आणि बांधावर गुरे राखणाऱ्या त्याच्या पोराकडे पाहावे, असे ते हिंडणे होते. 4 ऑक्टोबर 1919 रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. एका छपराखाली मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले राहत होती आणि एकाच चुलीवरचे खात होती.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण चूल म्हटली की तिच्यापुढे कुणीतरी बसलेले असते. साताऱ्यातल्या त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई बसल्या होत्या. त्या जुन्या वळणाच्या जैन घरातल्या. सोवळ्याओवळ्याचे संस्कार हाडीमासी भिनलेले. नवऱ्याने एक दिवस परजातींची मुले घरात आणून सोडावीत आणि ही आपलीच म्हणावे, हे त्यांना एका दिवसात पेलले असेल असे मला वाटत नाही. पेलले मात्र खरे. मुलांचे दुखलेखुपले त्या पाहत, भाकऱ्या थापत. पैसा नव्हताच, तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव परगावी असताना धान्य संपले. मुले उपाशी राहायची वेळ आली तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. त्या काळात सवाष्णीने असे करणे म्हणजे काय, हे तरुण वाचकांनी आपल्या आजीला विचारावे. 1930 साली लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेच्या विस्ताराचे दिवस त्यांना पाहायला मिळाले नाहीत.

स्वस्तात मुले जेवू घालण्याची विद्या या वसतिगृहाने पुढे चांगली मुरवली. मुले आळीपाळीने स्वयंपाक करीत, भाजी पिकवीत, दळण-पाणी पाहत. मुष्टी फंडाची रीत होती. घरोघरच्या बायका रोज जात्यात धान्य टाकण्याआधी त्यातले मूठभर बाजूला काढून ठेवीत आणि तेच वसतिगृहाला येई. एका मुठीने कुणाचे घर रिकामे होत नाही आणि शंभर घरांच्या मुठींनी पोते उभे राहते. दान करणारीला आपण दान केले असे वाटूही नये, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

आता माझ्या घरातले सांगतो. वाळवे तालुक्यातलेच आमचे गाव. माझ्या लहानपणी दिवाळीच्या सकाळी आजी आम्हां भावंडांना माजघरात पाटावर बसवी. आमच्या गड्याचा मुलगा माझ्याच वयाचा. पोहायला, बोरे पाडायला आम्ही बरोबर. त्या सकाळी तो अंगणात उभा राहायचा आणि आजी ओसरीच्या कडेवरून त्याच्या पसरलेल्या धोतराच्या पदरात फराळ टाकायची. हात आखडता नसे. आमच्यापेक्षा दोन करंज्या जास्तच पडत. आजी मायाळू होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण हात वरून यायचा. एका वर्षी मी त्याला "आत ये की" म्हणालो. तो आजीकडे पाहू लागला, आजी माझ्याकडे. मग आजी म्हणाली, "लाडू घे रे आणखी." तो लाडू घेऊन गेला. दुसऱ्या दिवाळीला तो आलाच नाही, त्याचा धाकटा भाऊ आला.

कॉलेजात असताना लक्ष्मीबाईंची हकीकत प्रथम वाचली, तेव्हा मी गांधींच्या भेटीपाशी किंवा मंगळसूत्रापाशी थांबलो नाही. मी हिशेब केला तो कोसांचा. ऐतवडे आमच्या गावाहून फार लांब नाही. तीच काळी जमीन, तीच ज्वारी, तसेच माजघर, जवळजवळ तसलेच सोवळे. माझ्या आजीहून त्या वयाने मोठ्याच होत्या. म्हणजे 'तो काळच तसा होता' हे आजीच्या वतीने मी आजवर देत आलेले उत्तर त्या दिवशी माझ्या हातातून गेले. आजीला मी ते कधी बोललो नाही. ती तेव्हा फार थकली होती.

1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना सुकडी वाटली जाई. त्या रांगा मी पाहिल्या आहेत, आणि पोट भरण्यापुढे पंगत-बिंगत कुणाला सुचत नाही हेही पाहिले आहे. पण दिवाळी म्हणजे दुष्काळ नव्हे. दिवाळीला कोण कुठे बसले ते मुले विसरत नाहीत.

वहिनींना यातले काही सांगितले नाही. चुरमुऱ्याचा भाव तेवढा सांगितला. त्यांनी यंदा आपणहून थालीपिठांची भाजणी दळून पाठवली आहे आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची दोन मुले येतील असा निरोपही. म्हणजे चोवीस झाली. सतरंजी एक कमी पडेल, ती समोरच्यांकडून आणायची आहे. शेंगदाणे आज रात्रीच भाजून ठेवले पाहिजेत, कारण दहाची वेळ दिली तरी निम्मी मुले साडेनऊलाच दारात येऊन उभी राहतात.